फांद्या छाटल्या म्हणजे झाडाचे पाणी वाचते का?

उन्हाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत झाडांविषयी दोन समजुती हमखास ऐकू येतात. पहिली अशी की, बांधावरचे झाड पिकाचे पाणी ओढते, म्हणून त्याच्या फांद्या खोडापर्यंत तासून काढाव्यात. दुसरी अशी की, पाऊस कमी झाला, बोअरचे पाणी खाली गेले, तर परसातली आणि बागेतली झाडे छाटून टाकावीत, म्हणजे ती कमी पाण्यावर तगतील. दोन्ही समजुतींत थोडे तथ्य आहे. मात्र तेवढ्याच तथ्यावर विसंबून कोयता चालवला, तर बहुतेक वेळा अपेक्षेइतके पाणी वाचत नाही आणि झाड मात्र कायमचे अशक्त होते. झाड दिवसाला किती पाणी वापरील हे तीन गोष्टी मिळून ठरवतात: हवा किती जोराने पाणी ओढते, जमीन किती देऊ शकते आणि उन्हात उघडी असलेली पाने किती आहेत. छाटणीचा थेट परिणाम यांतील फक्त तिसऱ्या गोष्टीवर होतो आणि तोही काही काळापुरताच.

मुळांनी जमिनीतून घेतलेल्या पाण्यापैकी जेमतेम एक ते तीन टक्के पाणी झाडाच्या वाढीसाठी आणि अन्न तयार करण्यासाठी खर्ची पडते. उरलेले सुमारे 97 ते 99 टक्के पाणी पानांतून वाफेच्या रूपाने हवेत निघून जाते. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना ही उधळपट्टी वाटते, पण तिला दुसरा मार्ग नाही. पानांवर, विशेषतः त्यांच्या खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न तयार करण्यासाठी लागणारा कर्बवायू आत घ्यायचा तर ही रंध्रे उघडावीच लागतात, आणि पानाचा आतला भाग ओला असल्यामुळे ती उघडताच वाफ बाहेर पडू लागते. कर्बवायूचा एक रेणू मिळवताना आपल्या परिसरातील बहुतेक झाडे पाण्याचे काही शे रेणू गमावतात. म्हणजे झाडाने पाणी पूर्णपणे वाचवायचे ठरवले, तर त्याला उपाशी राहावे लागते. छाटणीचे पुढचे सारे गणित या एका अडचणीभोवती फिरते.

बाहेर जाणाऱ्या या पाण्यामुळे पानही थंड राहते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2.45 मेगाज्यूल उष्णता शोषली जाते. एखाद्या मोठ्या झाडाने दिवसात 100 लिटर पाणी हवेत सोडले, तर जवळजवळ 68 युनिट विजेइतकी उष्णता भोवतालातून काढून घेतली जाते. बेळगावच्या कॅम्प भागात जुन्या झाडांखालून जाताना जो गारवा जाणवतो, तो केवळ सावलीचा नसतो. त्यात या वाफेचाही वाटा असतो.

पाणी इतक्या उंचीवर चढते कसे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पडला होता. नुसत्या हवेच्या दाबाने पाणी सुमारे 10 मीटरपेक्षा वर ओढता येत नाही, आणि खानापूरच्या जंगलात तर तीस मीटर उंचीची झाडे उभी आहेत. 1727 मध्ये इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाचे झाड किती पाणी बाहेर टाकते याचे मोजमाप प्रसिद्ध केले आणि छाटलेल्या द्राक्षवेलीतून पाणी किती दाबाने बाहेर येते, हेही मोजले. पुढे 1894 मध्ये आयर्लंडमधील हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी मांडलेले स्पष्टीकरण आजही सर्वसाधारणपणे मान्य आहे. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांचे मत वेगळे होते. जिवंत पेशींच्या स्पंदनांमुळे रस वर चढतो असे ते मानत. पुढच्या मोजमापांनी मात्र डिक्सन आणि जोली यांच्या बाजूने कौल दिला.

ते स्पष्टीकरण असे आहे. पानातून वाफ बाहेर पडली की आतल्या पेशींच्या भिंतींमधले पाणी मागे खेचले जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहत असल्यामुळे हा ताण देठातून, फांदीतून, खोडातील बारीक काष्ठवाहिन्यांतून थेट मुळांच्या टोकांपर्यंत पोहोचतो. विहिरीवर पोहरा ओढताना दोर जसा वरपासून खालपर्यंत एकसारखा ताणलेला असतो, तसा हा पाण्याचा स्तंभ ताणलेला असतो. वर हात आवळला की खाली पोहरा हलतो, आणि दोर मध्येच तुटला की वरच्या जोराचा काहीच उपयोग राहत नाही. झाडाच्या बाबतीत हा दोर तुटणे म्हणजे वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरणे. जमीन सुकलेली असताना हवेने फार जोराने ओढले, तर ताण इतका वाढतो की शेजारच्या हवेने भरलेल्या वाहिनीतून हवा आत खेचली जाते आणि ती वाहिनी निकामी होते. अशा वाहिन्या थोड्या असतील तर झाड शेजारच्या वाहिन्यांवर भागवते. काही जातींत त्या पुन्हा भरतातही. मात्र बहुतांश वाहिन्या निकामी झाल्या की फांदी शेंड्याकडून वाळत येते, आणि त्यानंतर बुडात कितीही पाणी ओतले तरी ते वर पोहोचत नाही. अनेकदा मे महिन्यात वाळलेले झाड पाहून “पाणी कमी पडले” असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ते पाणी वर नेणारी यंत्रणा त्याआधीच मोडलेली असते.

हवेची ओढ म्हणजे नेमके काय, हे आकड्यांतून लवकर समजते. हवा जितकी गरम, तितकी तिची वाफ सामावून घेण्याची क्षमता जास्त. तापमान दर एक अंशाने वाढले की ही क्षमता साधारण सहा-सात टक्क्यांनी वाढते. हवेत सामावू शकणारी वाफ आणि प्रत्यक्षात असलेली वाफ यांच्यातल्या फरकाला बाष्पदाबाची तूट म्हणतात. हीच तूट पानातून पाणी ओढते. जुलैमध्ये बेळगावात 24 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असेल, तर ही तूट सुमारे 0.3 किलोपास्कल येते. एप्रिलच्या दुपारी अथणीकडे 39 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर ती सुमारे 5.6 किलोपास्कल होते. म्हणजे एकाच जिल्ह्यात, दोन ऋतूंमध्ये, हवेची ओढ अठरा-एकोणीस पटींनी बदलू शकते.

तरीही झाडाचा पाणीवापर अठरा पटींनी वाढत नाही, कारण झाड स्वस्थ बसत नाही. हवा कोरडी झाली किंवा मुळांभोवतीची ओल कमी झाली, की पानांमध्ये अ‍ॅबसिसिक आम्ल नावाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, रंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींतील पाणी कमी होते आणि रंध्रे मिटू लागतात. म्हणूनच कडक उन्हाळ्यात अनेक झाडांचे बाष्पोत्सर्जन सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वाढते, भर दुपारी मंदावते आणि कधीकधी चारनंतर पुन्हा थोडे वाढते. काही जाती लवकर रंध्रे मिटून घेतात आणि उपासमार सोसतात. काही जाती शेवटपर्यंत रंध्रे उघडी ठेवतात आणि वाहिन्या निकामी होण्याचा धोका पत्करतात. दिवसा खोडात साठलेले पाणीही वापरले जाते, त्यामुळे खोड दुपारी अगदी सूक्ष्म प्रमाणात आकसते आणि रात्री पुन्हा भरते. रात्रीची ही भरपाई अपुरी राहू लागली, की झाड खऱ्या अर्थाने तहानलेले आहे असे समजावे. भल्या पहाटे पाहिले असता पाने ताठ नसतील, तर ते दुपारच्या तात्पुरत्या कोमेजण्यापेक्षा कितीतरी गंभीर लक्षण आहे.

खोडात बारीक सुया बसवून त्यांना किंचित उष्णता देण्याची आणि वाहत्या रसामुळे ती किती लवकर वाहून जाते यावरून पाण्याचा प्रवाह मोजण्याची पद्धत आता जगभर वापरली जाते. अशा मोजमापांवरून असे दिसते की, सुमारे वीस मीटर उंचीच्या झाडांचा दिवसाचा कमाल पाणीवापर बहुधा 10 ते 200 लिटर या दरम्यान असतो. हा पल्ला इतका मोठा असण्याचे कारण जातीपेक्षाही पानांचा एकूण पसारा, मातीतली ओल आणि त्या दिवसाची हवा यांत आहे. “अमुक झाड रोज इतके लिटर पाणी पिते” असे सरसकट विधान त्यामुळे फारसे कामाचे नसते.

आता जमिनीकडे वळू. बेळगाव जिल्हा या बाबतीत फार बोलका आहे. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, लोंढा या घाटाकडच्या पट्ट्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, मलप्रभा तिथेच उगम पावते आणि जमीन तांबडी, जांभ्या खडकाची असते. बेळगाव शहरात पाऊस त्याहून पुष्कळ कमी, साधारण बाराशे-तेराशे मिलिमीटर. पूर्वेकडे अथणी, रायबाग, रामदुर्ग या बाजूला तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येतो आणि जमीन बहुतांशी काळी होते. तांबडी, मुरमाड जमीन कमी पाणी धरते, पण जे धरते ते मुळांना सहज देते आणि लवकर रिकामी होते. काळी जमीन खूप पाणी धरते, मात्र त्यातला मोठा हिस्सा चिकणमातीच्या कणांना इतका घट्ट चिकटलेला असतो की मुळांना तो ओढून घेता येत नाही. शिवाय उन्हाळ्यात ती भेगाळते, तेव्हा पाणी शोषणारी बारीक पांढरी मुळी तुटते. म्हणून काळ्या रानातील झाड बराच काळ हिरवेगार दिसते आणि मग थोड्या दिवसांतच एकदम उतरते.

जास्त पाण्यानेही झाड तहानलेले राहू शकते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मुळांना पाणी शोषण्यासाठी प्राणवायू लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचा महापूर चिकोडी आणि अथणी तालुक्यांतील शेतांत शिरला तशा वेळी मातीतील हवा निघून जाते, मुळांच्या पेशींची पाणी आत घेण्याची क्षमता घटते आणि पाण्यात उभ्या झाडाची पाने तहानेने कोमेजावीत तशी कोमेजतात. आपल्या शेतकऱ्यांना वाफसा माहीत असतोच, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती. झाडाच्या दृष्टीनेही तीच पाणी घेण्याची खरी वेळ असते.

पावसाळ्यात पाणी मुबलक असते, म्हणून झाडे तेव्हाच सर्वाधिक पाणी वापरत असतील असे वाटते. घाटाकडे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये पाने सतत ओली, हवा दमट आणि आकाश झाकलेले असल्यामुळे बाष्पोत्सर्जन फारच थोडे होते. खरा जोर येतो तो पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेव्हा जमिनीत भरपूर ओल असते आणि ऊन लख्ख पडते. पुढे ओल कमी होऊ लागते तशी साग, ऐन, पांगारा, पळस ही झाडे पाने गाळतात. पाने गाळणे म्हणजे झाडाने स्वतःच केलेली छाटणी होय आणि ती कोणत्याही कोयत्यापेक्षा नेमकी असते: आधी पानांतील उपयोगी द्रव्ये खोडात परत घेतली जातात, मग देठाशी बूच तयार होते आणि त्यानंतरच पान पडते. कोठेही उघडी जखम राहत नाही. याच्या उलट, चैत्रपालवी भर उन्हाळ्यात फुटते. करंज, पिंपळ, वड यांना पाऊस येण्याआधीच नवी पाने येतात, कारण जुनी पाने गळल्यामुळे खोडात पाणी पुन्हा भरते आणि खोल गेलेल्या मुळांना तिथे थोडी ओल मिळत राहते. खानापूर आणि दांडेलीच्या जंगलांतील ऐन तर उन्हाळ्यातही खोडात पाणी साठवून ठेवतो. अशा झाडाला एप्रिलमध्ये पालवी फुटलेली असताना छाटणे, म्हणजे त्याने साठवणीतून नुकतीच केलेली सारी गुंतवणूक काढून घेणे आहे.

निलगिरीचा विषय आपल्या भागात नेहमीच तापलेला असतो, कारण बेळगावच्या पश्चिमेकडील तांबड्या माळांवर तिची लागवड बरीच झाली. याविषयीचा महत्त्वाचा अभ्यास कर्नाटकातच, दक्षिणेकडे बंगळूरजवळील होसकोटे आणि शिमोगा जिल्ह्यातील काही ठिकाणी, 1980च्या दशकात सुरू झाला. त्यात असे आढळले की, माती मध्यम खोलीची असलेल्या कोरड्या ठिकाणी निलगिरीचा पाणीवापर तिथल्या मूळच्या पानझडी जंगलापेक्षा फारसा वेगळा नव्हता. मात्र होसकोटे येथे खोल मातीवर तिचा पाणीवापर पडणाऱ्या पावसापेक्षाही अधिक निघाला; झाडे वाढत असताना त्यांची मुळे दरवर्षी अधिक खोल थरांतली, पूर्वीपासून साठलेली ओल काढून घेत होती. त्यामुळे निलगिरी पाणी ओढते की नाही, याचे उत्तर तिच्या पानांपेक्षा खालची माती किती खोल आहे यावर अधिक अवलंबून आहे. कर्नाटक सरकारने 2017 मध्ये तिच्या नव्या लागवडीवर बंदी घातली. तोडलेल्या निलगिरीच्या बुंध्यातून फुटणारे धुमारे तर विशेष जोमाने पाणी वापरतात, कारण वर पाने थोडी आणि खाली मुळांचे जाळे मात्र पूर्ण वाढलेल्या झाडाचे, अशी त्यांची स्थिती असते.

हाच मुद्दा छाटणीच्या केंद्रस्थानी आहे. समजा, एका आंब्याच्या झाडाची एकतृतीयांश पाने काढून टाकली. पाणीवापर एकतृतीयांशाने कमी होईल, असे साधे गणित सांगते. प्रत्यक्षात मुळे आणि वाहिन्या पूर्वीइतक्याच राहतात, त्यामुळे उरलेल्या प्रत्येक पानाला आधीपेक्षा जास्त पाणी मिळते. जी रंध्रे दुपारी मिटत होती ती आता अधिक वेळ उघडी राहतात. आतल्या फांद्यांवर पूर्वी सावली असे, तिथे ऊन आणि वारा पोहोचतो. उरलेली पाने अधिक अन्न तयार करू लागतात आणि अर्थातच अधिक पाणी सोडू लागतात. परिणामी एकूण पाणीवापर घटतो, पण काढलेल्या पानांच्या प्रमाणात नाही.

कोणती पाने काढली, यावरही बरेच अवलंबून असते. झाडाच्या एकूण बाष्पोत्सर्जनात वरच्या आणि बाहेरच्या, थेट उन्हात असलेल्या पानांचा वाटा मोठा असतो. आतल्या आणि खालच्या सावलीतल्या पानांचा वाटा थोडा. आपल्याकडे बहुतेक वेळा हाताला लागतात म्हणून खालच्या फांद्या तोडल्या जातात. त्याने बैलगाडीला, ट्रॅक्टरला वाट होते, पिकाला थोडे ऊन मिळते, पण पाणी जवळजवळ वाचत नाही.

या बाबतीत इंग्लंडमधील अनुभव आपल्या काळ्या जमिनीसाठी उद्बोधक आहे. तिथे लंडन परिसरातील चिकणमाती, आपल्या काळ्या मातीसारखीच, सुकली की आकसते आणि झाडांनी ओल ओढल्यामुळे घरांच्या पायांना भेगा पडतात. त्यामुळे छाटणीने झाडांचा पाणीवापर किती कमी होतो, याचे रीतसर प्रयोग तिथे करण्यात आले. फांद्या केवळ विरळ केल्याने मातीतील ओलाव्यात विशेष फरक पडला नाही. झाडाचा आकार फार मोठ्या प्रमाणात घटवला, तेव्हाच ओल वाचली, आणि तीही नवी पालवी भरून येईपर्यंत. तो परिणाम टिकवायचा तर अशी छाटणी पुन्हा पुन्हा करावी लागते. अथणी किंवा सौंदत्तीकडे काळ्या रानात घर बांधलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे: भिंतीजवळच्या झाडाचा शेंडा एकदा उतरवून पायाची काळजी मिटत नाही.

मोठ्या छाटणीनंतर झाडाच्या आत काय घडते, ते बाहेरून दिसत नाही. सालीखाली झोपलेले डोळे फुटू लागतात आणि त्यांना लागणारे अन्न खोडात व मुळांत साठवलेल्या स्टार्चमधून येते. वर पाने नसल्यामुळे मुळांकडे जाणारा अन्नपुरवठा तुटतो, आणि पांढरी मुळी सर्वांत आधी मरते. नवे फुटवे कोवळे, मोठ्या व पातळ पानांचे असतात. त्यांच्यावरचा मेणचट थर पूर्ण बनलेला नसल्यामुळे ते पाणी अधिक गमावतात. म्हणजे एक-दोन हंगामांनी पाने पूर्ववत होतात, तेव्हा पाण्याची मागणी पहिल्याइतकीच आणि पुरवणारी मुळे मात्र पूर्वीपेक्षा कमी, अशी विषम स्थिती निर्माण होते. पुढचा कडक उन्हाळा अशा झाडाला जड जातो. छाटणीनंतर तिसऱ्या वर्षी झाड वाळले, तर त्याचा दोष सहसा कुणी त्या छाटणीला देत नाही. माझ्या मते पुष्कळदा तो तिथेच असतो.

जखमेचाही यात वाटा आहे. झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून बंदिस्त करते आणि त्याच्याभोवती नवे लाकूड घालते. अमेरिकेतील अ‍ॅलेक्स शायगो यांनी 1970च्या दशकात हजारो खोडे उभी चिरून ही प्रक्रिया दाखवून दिली. बंदिस्त झालेल्या भागातील वाहिन्या पाणी नेण्यासाठी कायमच्या निरुपयोगी होतात. म्हणून मनगटाएवढ्या दहा फांद्या काढण्यापेक्षा मांडीएवढी एक फांदी काढणे झाडाला अधिक महागात पडू शकते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर कंगोरा असतो. त्याच्या लगेच बाहेर, तो न दुखावता काप घेतला तर जखम लवकर झाकली जाते. खोडाला सपाट घासून काढलेला काप आणि हातभर सोडलेला खुंट, दोन्ही वाईट. शेंडाच उडवून टाकण्याची पद्धत तर सर्वांत घातक आहे, मग ती वीजवाहिनीखाली असो वा परसात. उघड्या पडलेल्या जाड फांद्यांची साल उन्हाने भाजते, ती चिरते आणि तिथून बुरशी व खोडकिडा शिरतो. आंब्यावर अशा वेळी चुना लावण्याची जुनी पद्धत योग्यच आहे.

छाटणी आणि पाणी यांचा मेळ सर्वांत चांगला जमवला आहे तो फळबागायतदारांनी. अथणी आणि विजापूरकडच्या द्राक्षबागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. खरड छाटणीनंतर वेलीवर पानच उरत नाही, बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते, तरी मुळे पाणी वर ढकलत राहतात आणि कापलेल्या काडीच्या टोकातून थेंब गळतात. हा मूळदाबाचा परिणाम असून त्यात घाबरण्यासारखे काही नाही. या दिवसांत वेलीला पाण्याची गरज थोडी असते. फुटी वाढून पाने पसरत जातात तशी ती वाढते. ठिबकचे पाणी तारखेनुसार नव्हे तर पानांच्या पसाऱ्यानुसार वाढवणारा बागायतदार इथे शहाणा ठरतो. पुढे काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते, त्या काळात पाण्याचा हलका ताण दिला जातो, कारण वेलीची वाढ थोडी रोखली की ती घडाकडे वळते. डाळिंबातही बहार धरताना आधी पाणी तोडून ताण देतात, पाने गळू देतात, हलकी छाटणी करतात आणि मगच पाणी सुरू करतात. या साऱ्यात छाटणी पाणी वाचवण्यासाठी केलेली नसते; पाणी आणि अन्न कोणत्या डोळ्याकडे जावे, हे ठरवण्यासाठी केलेली असते. एरवी आपण छाटणीकडून अपेक्षा करतो त्यापेक्षा हा हेतू कितीतरी वास्तव आहे.

छाटणीने पाणी वाचते असे प्रसंगही आहेत. उत्तर कन्नडमध्ये सुपारीच्या बागांना पालापाचोळा मिळावा म्हणून ‘सोप्पिन बेट्टा’ जमिनींवरील झाडांच्या फांद्या नियमाने तोडल्या जातात. वारंवार तोड होत असल्यामुळे तिथल्या झाडांचा पसारा लहानच राहतो आणि त्यांचा पाणीवापरही त्या मानाने मर्यादित राहतो. झाडे आणि पीक एकत्र असलेल्या शेतातही पेरणीच्या सुमारास फांद्या कमी केल्या, तर पीक उगवून मूळ धरेपर्यंत त्याला ऊन आणि ओल दोन्ही मिळतात. शहरात रस्त्याच्या किंवा गटाराच्या कामात मुळे तुटली असतील, तर वरचा पसारा थोडा हलका करणे समजण्यासारखे आहे. मात्र तिथेही पाणी देणे हा पहिला उपाय, छाटणी हा दुसरा. नव्या रोपाचा शेंडा लावताना छाटणे तर टाळावेच, कारण त्याची मुळे वाढवणारे अन्न त्याच थोड्या पानांतून यायचे असते.

हवामान बदलत आहे, त्याचा या गणितावर दुहेरी परिणाम होतो. हवेतील कर्बवायूचे प्रमाण 1958 मध्ये दशलक्ष भागांत सुमारे 315 होते; आता ते 420च्या वर गेले आहे. कर्बवायू जास्त असला की झाडाला रंध्रे थोडी कमी उघडून भागवता येते आणि तेवढे पाणी वाचते. दुसऱ्या बाजूला तापमान वाढल्यामुळे हवेची ओढ वाढते आणि पावसातील खंड लांबले की जमिनीचा पुरवठा तुटतो. कोरड्या प्रदेशात ही दुसरी बाजू बहुधा वरचढ ठरते. अशा काळात पानांची सावली आणि गळलेल्या पानांचे आच्छादन मातीतील ओल टिकवते. फांद्या काढल्या की उघड्या मातीवर ऊन पडते आणि पिकाच्या कामी येणारी वरच्या थरातील ओल थेट उडून जाते. झाडाच्या नावावर वाचवलेले पाणी असे मातीच्या खात्यातून निघून जाते.

मग छाटायचे केव्हा? वाळलेली, मोडलेली, रोगट फांदी केव्हाही काढावी; तिच्यावर हिरवे पान नसल्यामुळे पाण्याचा हिशेब बदलत नाही. जिवंत फांद्यांची मोठी छाटणी घाटाकडच्या अतिपावसाच्या पट्ट्यात ऐन पावसाळ्याच्या तोंडावर करू नये, कारण तिथे जखम कित्येक आठवडे ओलीच राहते. पाऊस ओसरून जमिनीत ओल असेपर्यंतचा काळ मला अधिक योग्य वाटतो. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत मात्र पुढे लांबलचक उन्हाळा उभा असतो, म्हणून तिथे मृगाच्या आसपास, जमीन भिजल्यावर केलेली हलकी छाटणी परवडते, कारण फुटव्यांना लगेच ओल मिळते. दोन्हीकडे एका वेळी पानांचा पाव हिस्सा, ही वरची मर्यादा समजावी आणि मार्च ते मे या काळात हिरव्या फांदीला शक्यतो हात लावू नये. झाड आधीच तहानलेले असेल, तर छाटणीऐवजी खोडापासून दूर, फांद्यांच्या विस्ताराच्या कडेखाली आळे करून आठ-पंधरा दिवसांनी एकदा खोलवर मुरेल इतके पाणी द्यावे आणि वर पाचट किंवा पाला पसरावा. रोज बुंध्याशी ओतलेल्या बादलीभर पाण्याने वरची मुळे वरच राहतात.

बांधावरच्या ज्या झाडामुळे पीक खरोखरच मागे पडते, तिथे फांद्यांपेक्षा मुळांकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते. पिकाच्या बाजूला, फांद्यांच्या विस्ताराच्या कडेला बांधाला समांतर असा दीड-दोन फूट खोल चर काढून उथळ पसरलेली मुळे तोडली, तर पिकाच्या थरातली स्पर्धा कमी होते आणि झाड खोल मुळांवर तसेच दुसऱ्या बाजूच्या मुळांवर उभे राहते. हे एकाच बाजूने करावे, पावसाळ्याच्या सुरुवातीला करावे आणि त्या वर्षी त्या झाडाची फांदी तोडू नये. मुळे काही वर्षांनी पुन्हा चर ओलांडतात, तेव्हा तोच चर पुन्हा मोकळा करावा लागतो.